घरगुती अल्ट्रासोनिक क्लीनर : जुन्या कार्बोरेटरवर सहा महिने वापरून

जुन्या दुचाक्यांचे कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग, घरच्या घरी धुण्यासाठी मी गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दोन लिटर क्षमतेचे एक अल्ट्रासोनिक क्लीनर, म्हणजे पाण्यातल्या अतिवेगवान कंपनांनी मळ काढणारी पेटी, ऑनलाइन मागवले. घरपोच 6,450 रुपयांना पडले. नेमकी हीच स्टीलची पेटी वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून अनेक विक्रेते विकतात, त्यामुळे माझ्या पेटीवर कोणते नाव आहे याला फारसा अर्थ नाही आणि ते मी येथे लिहीत नाही. विक्रेत्याच्या जाहिरातीत मात्र एक वाक्य होते, की या यंत्रात टाकलेला जुना कार्बोरेटर ‘नव्यासारखा’ होऊन बाहेर येतो. सहा महिन्यांत चार कार्बोरेटर त्यातून काढल्यानंतर या वाक्याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की यंत्र मळ काढते, झीज भरून काढत नाही, आणि जुन्या कार्बोरेटरच्या तक्रारींपैकी मळाच्या किती आणि झिजेच्या किती हे आधी ओळखता आले तरच या खरेदीचे चीज होते.

माझ्याकडे वडिलांची 1992 सालची यामाहा आरएक्स 100 आहे, जी चार वर्षे नुसती उभी होती. त्याखेरीज सासऱ्यांची बजाज चेतक आणि माझी स्वतःची, 2004 मध्ये घेतलेली स्प्लेंडर आहे. चौथा कार्बोरेटर नागपुरात मानेवाड्याला आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका मित्राच्या आरएक्सचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, गाड्यांचा मिस्त्री नाही. त्यामुळे या लेखात धातू आणि द्रावण यांच्याविषयी थोडे अधिक आणि ट्युनिंगविषयी थोडे कमी लिहिले जाईल, हे वाचकांनी समजून घ्यावे.

उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये नेमके काय होते, ते आधी सांगतो. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे तरंगत्या फ्लोटमुळे पेट्रोलची पातळी ठरावीक राहते त्या खालच्या वाटीत, साठलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीत, ते फारच लवकर उडते. मागे उरतात ते जड घटक, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचा काकवीच्या रंगाचा डिंक तयार होतो. चेतकमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल उडाल्यावर त्यातले सगळे ऑइल वाटीच्या तळाशी बसते आणि हा डिंक अधिकच चिवट होतो. त्यात 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पावसाळ्यात गाडी दीर्घकाळ उभी राहिली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी उतरतात. वाटीचा तळ हीच जागा मेन जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य पितळी भोकाची, असल्याने पांढरी भुकटी आणि पितळेवरचा हिरवा गंज नेमका तेथेच जमतो. आरएक्सची वाटी उघडली तेव्हा ती अशी दिसत होती, की जणू कोणी तिच्यात चुन्याची निवळी वाळत ठेवली असावी. वास जुन्या रंगाच्या डब्याचा येत होता.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांमध्ये इंधन इंजेक्शनने येते, आणि त्यामुळे आमच्या भागातल्या तरुण मेकॅनिकांच्या हाताखालून कार्बोरेटर जाणे कमी झाले आहे. मी ज्यांच्याकडे जातो ते मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. यंत्र घेतल्याचे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “सर, कायले एवढा खर्च करून राहिले? दोनशे रुपयांत मी करून देतो न.” हिशेबाने त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दोनशे रुपयांना एक सफाई धरली तर 6,450 रुपयांत बत्तीस वेळा सफाई होते, आणि माझ्या तिन्ही गाड्या मिळून बत्तीस वेळा कार्बोरेटर उघडायची वेळ माझ्या हयातीत येईल असे वाटत नाही.

तरीही मी ते घेतले, कारण आधी केलेले दोन उपाय अर्धेच लागू पडले होते. पहिला लिंबाचा. लिंबाच्या रसात कार्बोरेटर उकळल्याचे व्हिडिओ सर्वांनी पाहिले असतील. भांड्यात बुडबुडे येताना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटते की मळ सुटतो आहे. अनेक जुन्या कार्बोरेटरचे धड जस्ताच्या मिश्रधातूचे असते, आणि जस्त आम्लात विरघळताना हायड्रोजनचे बुडबुडे सोडते. म्हणजे जे बुडबुडे आपण कौतुकाने पाहतो ते मळाचे नसून धातूचेच असतात. धड जस्ताचे आहे की ॲल्युमिनियमचे हे हातात घेतल्यावर बरेचसे कळते, कारण जस्ताच्या मिश्रधातूची घनता साधारण 6.6 आणि ॲल्युमिनियमची 2.7 असते, त्याच आकाराचा तुकडा अडीचपट जड लागतो. पितळी जेटांवरचा हिरवा थर काढायला सौम्य सायट्रिक आम्ल दहा मिनिटे वापरण्यास माझी हरकत नाही, पण अख्खे धड त्यात उकळणे म्हणजे उंदीर पकडायला घर जाळणे होय.

दुसरा उपाय स्प्रेच्या कॅनचा. कार्बोरेटर क्लीनरचा 500 मिलीचा कॅन मला 380 रुपयांना मिळाला आणि त्याबद्दल माझे मत चांगले आहे, निदान तो ज्या कामासाठी आहे त्या कामापुरते तरी. ताजा डिंक तो क्षणात विरघळवतो. त्याची खरी किंमत मात्र धुण्यापेक्षा तपासण्यात आहे: आरएक्सच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या बाजूला, जे लहान छिद्र असते त्यात नळी लावून फवारा मारला, की पायलट जेटच्या, म्हणजे संथ चालीला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटच्या, भोकातून आणि घशातल्या, म्हणजे हवा जाते त्या मधल्या नळीतल्या, बारीक छिद्रातून सरळ धार निघाली पाहिजे. धार वाकडी आली किंवा नुसते थेंब गळले तर आतली वाट अजून अडलेली आहे असे समजावे. हे करताना चष्मा हवाच, कारण वाट बंद असली तर तीच धार उलट फिरून तोंडावर येते, आणि मी हे अनुभवाने सांगतो. शिवाय या द्रवात रबर टिकत नाही. हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या एअर स्क्रूची इवलीशी ओ-रिंग मी विसरून आतच ठेवली होती. अर्ध्या तासाने ती भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली मिळाली.

चार वर्षांचा वाळलेला डिंक मात्र स्प्रेने निघाला नाही. दोन कॅन संपले, पायलटची वाट काही मोकळी झाली नाही, आणि पेट्रोलमध्ये आठवडाभर भिजत घातल्यावरही फरक पडला नाही. या ठिकाणी बहुतेक लोक तार घालतात. स्टीलची तार पितळी जेटमध्ये घातली की भोक ओरखडले जाते किंवा मोठे होते, आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकाच्या बाबतीत एवढा बदल गाडीची चाल बिघडवायला पुरेसा असतो. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस चालतो, पण तोही जेटपुरताच. धडाच्या आत काटकोनात वळणाऱ्या वाटेत कोणतीच तार जात नाही. यंत्र घ्यावे असे मला वाटले ते या एका वळणासाठी.

आता पेटीविषयी. आतली टाकी साधारण 15 सेंटिमीटर लांब, साडेतेरा रुंद आणि 10 खोल आहे. आरएक्सचा अख्खा कार्बोरेटर तिच्यात आडवा बसतो. चेतकचा चपटा कार्बोरेटरही बसतो, पण ज्या डब्यात तो असतो तो डबा बसत नाही. तळाखाली चिकटवलेला स्फटिक सेकंदाला 40,000 वेळा थरथरतो, त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होऊन लगेच कोसळतात, आणि कोसळताना पाण्याचा जो फटका बसतो तो पृष्ठभागावरचा थर उचलतो. पाणी जेथे पोहोचते तेथे हा फटका पोहोचतो. उलट, आतल्या वाटेत हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला तर त्या वाटेत काहीच घडत नाही. हे पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही. पहिल्या खेपेस माझी सफाई अपुरी राहिली ती याच कारणाने. आता धड बुडवल्यावर पाण्याखालीच दोन-तीन दिशांना कलते करून सगळी हवा निघेपर्यंत थांबतो, आणि मगच बटण दाबतो.

यंत्र खरोखर काम करते आहे की नुसता आवाज करते आहे हे पाहण्यासाठी पोळी गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा मिनिटभर पाण्यात उभा धरावा. माझ्या पेटीत फॉइलला मध्यभागी टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडली, कडेला मात्र जवळजवळ पडलीच नाहीत. याचा अर्थ तळाखाली स्फटिक एकच असावा आणि जोर मध्ये एकवटत असावा. तेव्हापासून मी भाग मध्यभागी ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी फिरवतो. आवाज किती असतो हे विचारणाऱ्यांसाठी सांगतो: 40 किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, पण पेटीतून तव्यावर ओली मेथी टाकल्यासारखा चर्र आवाज सतत येत राहतो. दुपारी घरची मंडळी झोपलेली असताना तो लावू नये.

हीटर ही या पेटीची सर्वांत लंगडी बाजू आहे. तो 100 वॉटचा आहे. दोन लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला एवढ्या वॉटेजला, उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले तरी, जवळजवळ पन्नास मिनिटे लागतात, आणि प्रत्यक्षात तासाच्या वर लागले. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी आपोआपच चाळिशीच्या पुढे असते, तेव्हा निम्मे काम सूर्य करून देतो. एरवी किटलीत पाणी तापवून ओतणे हाच शहाणपणा. दुसरी गोष्ट, पडद्यावर 60 दिसत असताना प्रयोगशाळेतल्या तापमापकाने 68 दाखवले. धातूला त्याने काही होत नाही, पण प्लास्टिकचे फ्लोट त्या पाण्यात अधिक वेळ ठेवण्याची माझी छाती झाली नाही. विक्रेत्याला कळवले तर उत्तरादाखल पुस्तिकेचीच पीडीएफ परत आली.

पाण्यात काय घालावे, याबाबत मी एक चूक केली. आरएक्सच्या वेळी भांडी घासायचे चमचाभर लिक्विड घातले होते आणि निकाल चांगला होता. स्प्लेंडरच्या वेळी अधिक चांगल्या निकालाच्या लोभाने त्यात धुण्याचा सोडा टाकला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे करावे याचे आजही मला आश्चर्य वाटते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो संरक्षक थर असतो तो अल्कलीत टिकत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी वीस मिनिटांनी कार्बोरेटरचे वरचे झाकण काळसर राखाडी होऊन बाहेर आले. कापडाने मेटल पॉलिश घासून बराचसा रंग परतला, कोपऱ्यांत तो आजही तसाच आहे. गाडीच्या चालीवर त्याचा काही परिणाम नाही, पण कार्बोरेटरकडे लक्ष गेले की तो कोपरा दिसतोच.

याहून गंभीर सूचना एकच आहे: या टाकीत पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल कधीही ओतू नये. खाली वीज, मधे हीटर आणि वर ज्वलनशील वाफ, हा मेळ कोणत्याही जेटपेक्षा महाग पडेल. काचेच्या बरणीत पेट्रोल भरून ती बरणी पाण्यात ठेवणारे लोकही आहेत. मी ते करत नाही, आणि माझ्या घरात देवघर व स्वयंपाकघर दोन्ही मागच्या वरांड्याला लागून असताना तर नाहीच.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग पेटीच्या बाहेर होतो, आणि हे खरेदीपूर्वी कोणी सांगत नाही. आरएक्सच्या मिकुनी कार्बोरेटरचे वाटीचे चार स्क्रू पाहायला साध्या फुलीच्या स्क्रूसारखे दिसतात, परंतु जपानी घाटाच्या या स्क्रूत आपला नेहमीचा पेचकस नीट बसत नाही, घसरून वर येतो आणि फुली झिजवतो. जपानी घाटाचा पेचकस घेतल्यावर चारही स्क्रू सहज सुटले. फ्लोटची पिन ज्या दोन इवल्या खांबांत बसते ते खांब ठोकताना मोडतात, आणि एकदा मोडले की धडच बदलावे लागते. पिन ठोकायची नसते, आधी फवारा मारून मऊ करायची असते आणि मग दाबून काढायची असते. मेन जेट काढल्यावर निडल जेट, म्हणजे ज्यात निमुळती निडल वरखाली होते तो तुकडा, खालून वर, घशाच्या दिशेने, ढकलावा लागतो. निडलवरची क्लिप कोणत्या खाचेत होती आणि एअर स्क्रू पूर्ण बंद करायला किती फेरे लागले, हे उघडताना लिहून ठेवावे. आमच्या गाडीचा तो दीड फेरा निघाला, आणि वडिलांनी सर्व्हिसिंगच्या जुन्या वहीत पेन्सिलीने तोच आकडा लिहिलेला सापडला.

सुटे जेट टाकीत तसेच टाकले तर ते स्टीलच्या जाळीवर थरथरून एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या कडांवर बारीक चकचकीत व्रण पडतात. मी त्यांच्यासाठी चहाची प्लास्टिकची गाळणी वापरतो, तीही दांड्याने काठावर टांगून. ती गाळणी अर्थातच परत स्वयंपाकघरात जात नाही, आणि तिच्या जागी नवी आणून देण्याचा खर्च मी यंत्राच्या किमतीत धरलेला नाही.

आरएक्सचे धड पहिल्या दहा मिनिटांत पाणी गढूळ करू लागले. पायलटच्या भोकातून तपकिरी धुराची एक बारीक रेघ निघून पाण्यात वळत वर चढताना मला स्पष्ट दिसली, आणि तेव्हा या खरेदीबद्दलचा अर्धा संशय गेला. दहा-दहा मिनिटांच्या तीन खेपा, प्रत्येक वेळी नवे पाणी. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेले आणि कॉम्प्रेसरची हवा मारली. फवाऱ्याची धार सरळ निघाली. दोन कॅन आणि आठवडाभराचे भिजवणे जे करू शकले नव्हते ते अर्ध्या तासात झाले, हे मान्य केलेच पाहिजे. धुतल्यानंतर भाग ताबडतोब वाळवणे फार महत्त्वाचे आहे, कारण मळ गेलेला उघडा जस्त ओला राहिला तर रात्रीतून पुन्हा पांढरा पडतो. उन्हाळ्यात गच्चीवर ताटात ठेवले की काम होते. जुलैमध्ये मित्राचा कार्बोरेटर धुतला तेव्हा हेअर ड्रायर लागला.

गाडी चौथ्या किकला सुरू झाली. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता संथ चालताना, मात्र ती टिकेना, आणि पेट्रोलचा नळ उघडा ठेवला की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडू लागले. नव्यासारख्या दिसणाऱ्या कार्बोरेटरची ही गत पाहून मी पुन्हा मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वाटीत येणारे पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई बोटांत धरून नखाने तिच्या टोकावर फिरवले आणि ती माझ्या हातात दिली. टोकाच्या निमुळत्या भागावर गोल खाच पडली होती, इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नव्हती, नखाला लागत होती. “चमकवून काय होते सर, ही तर घासलीच आहे न,” ते म्हणाले. सुई आणि तिची सीट बदलल्यावर थेंब थांबले. आयडलिंगचे कारण निराळे होते. इतकी वर्षे निडल वरखाली होऊन निडल जेटचे भोक लांबट झाले होते आणि निडल जिला टांगलेली असते ती स्लाइडही धडात डुगडुगत होती. निडल जेट नवा टाकला. स्लाइडचा खडखडाट कमी झाला नाही, कारण त्यात धडही झिजलेले आहे, आणि धडाची झीज कोणत्याही पाण्यात भरून येत नाही.

पुनरुज्जीवन म्हणून जे काही खरोखर होते ते अशा हातकामाने होते. चेतकच्या कार्बोरेटरचे उदाहरण घ्या. तो इंजिनवर दोन नटांनी बसतो, आणि कित्येक वर्षे प्रत्येक हाताने ते नट थोडे अधिकच आवळल्याने त्याची खालची बाजू वाकते. मग पॅकिंगमधून हवा शिरते आणि गाडी गरम झाली की तिचे आयडलिंग आपोआप चढते. काचेच्या तुकड्यावर धड ठेवले तर ते चक्क डुलत होते. काचेवर 600 नंबरचा वॉटर पेपर पसरून, पाण्याचे दोन थेंब टाकून, आठच्या आकड्यात फिरवत ते सपाट करायला मला सव्वा तास लागला. दर पाच मिनिटांनी पृष्ठभागावर स्केचपेनने रेघा मारायच्या आणि कोठल्या पुसल्या गेल्या हे पाहायचे; सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की थांबायचे. या सव्वा तासाने चेतकला जो फरक पडला तो यंत्राने पडलेल्या फरकाहून मोठा आहे, आणि वॉटर पेपरला काही रुपयेच पडले. चेतकचे बाकी जेट तर एअर फिल्टर काढला की वरूनच हाताला लागतात. मेन जेट, त्यावरची नळी आणि वरचा हवेचा जेट हे तीन तुकडे एकमेकांत घट्ट बसवलेले असतात, ते वेगळे करून स्प्रेने धुतले की झाले. निव्वळ चेतक असलेल्याने हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राचा एक अनपेक्षित उपयोग झाला. आरएक्सचे फ्लोट पोकळ प्लास्टिकचे असतात, आणि त्यांना तडा गेला की आत पेट्रोल शिरून ते जड होतात व वाटी भरून वाहते. मित्राचे फ्लोट गरम पाण्यात क्षणभर बुडवले तेव्हा एका फ्लोटच्या जोडावरून मुंगीएवढे बुडबुडे ओळीने निघाले, कारण आतली हवा गरम होऊन बाहेर पडत होती. तडा शोधायला याहून सोपी परीक्षा नाही. त्यासाठी अर्थात पातेलेभर गरम पाणी पुरते.

सुट्या भागांबद्दल थोडे. घाट रोड आणि कॉटन मार्केटच्या बाजूला विचारले तर दुरुस्तीचे किट मिळते. मला आरएक्सचे 240 रुपयांना मिळाले. त्यातले पॅकिंग आणि ओ-रिंग बिनधास्त वापरावे. जेट मात्र वापरण्याआधी भिंगाखाली पाहावेत, कारण माझ्या किटमधल्या मेन जेटवरचा आकडा मूळ जेटचाच असूनही भोकाच्या कडेला पितळेचा कीस लोंबत होता. मूळ जेट झिजत नाही, निडल जेट झिजतो. म्हणून मी मूळ मेन जेट आणि पायलट जेट धुऊन परत बसवले आणि किटमधले डबीत ठेवून दिले. धुतलेला मूळ जेट हा नव्या नकली जेटपेक्षा केव्हाही चांगला.

तेव्हा हे यंत्र कोणी घ्यावे? ज्यांच्याकडे दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या, जपानी घाटाच्या कार्बोरेटरच्या दोनहून अधिक गाड्या आहेत, किंवा पाच-सहा मित्रांत मिळून जे ते घेऊ शकतात, त्यांनी घ्यावे, आणि शक्य असल्यास किंचित मोठे, तळाखाली दोन स्फटिक असलेले व पाणी सोडायला खाली तोटी असलेले घ्यावे. माझ्या पेटीला तोटी नाही. ती दोन्ही हातांनी उचलून तिरकी करून रिकामी करावी लागते, आणि दोन वेळा पाणी मागच्या बाजूच्या वायरच्या खोबणीवर सांडले आहे. आता आधी प्लग काढतो, मगच उचलतो. रोज चालणाऱ्या एका गाडीसाठी मिस्त्रींचे दोनशे रुपयेच योग्य आहेत, कारण त्या दोनशे रुपयांत सुईवर फिरणारे त्यांचे नखही येते.

राहिला प्रश्न टाकीतल्या काळ्या पाण्याचा. चार कार्बोरेटरांचे मिळून वीसेक लिटर पाणी झाले, आणि त्यात ऑइल, डिंक, जस्ताचे क्षार व साबण असे सगळे होते. कुंड्यांना ते घालता येत नाही आणि अंगणातल्या नालीत सोडणे मला पटले नाही. मी ते जुन्या कॅनमध्ये दोन आठवडे झाकून ठेवले. वर तरंगलेले ऑइल जुन्या बनियनच्या तुकड्याने टिपून घेतले आणि ते तुकडे मिस्त्रींच्या खराब ऑइलच्या ड्रममध्ये गेले. खाली बसलेला गाळ आणि त्यावरचे पाणी अजून वरांड्यातच, कॅनवर ‘पिऊ नये’ असे ठळक लिहून, ठेवलेले आहे.